सर्वांनी ऐकलेला शब्द

पूर्णेच्या खोऱ्यात धरणाचे काम निघाले त्या वर्षांत दगड वाहणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत रायभान नावाचा ड्रायव्हर होता. जिंतूरच्या वरच्या डोंगरपट्ट्यातला हा धनगर. आजाने मेंढरे वळली, बापाने वळली, आणि मिसरूड फुटेपर्यंत त्यानेही दुसरे काही केले नाही. पोलीस ॲक्शननंतर लष्कराच्या गाड्या या मुलखात आल्या. त्यांच्या मागे मागे फिरून तो आधी गाडी धुवायला शिकला, मग चालवायला. परभणीच्या एका अडत्याच्या लॉरीवर त्याने काही वर्षे कापसाच्या गाठी वाहिल्या. हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा मुंबईला जोडला गेला, धरणाची आखणी झाली, आणि कंपनीच्या कचेरीतल्या दिनकररावांच्या शब्दावर त्याला तिथली चार नंबरची गाडी मिळाली.

दिनकररावांच्या शब्दाला मागचा एक आधार होता. रझाकारांच्या धामधुमीत दिनकरराव कॉलेज सोडून गावी आलेले होते. त्यांच्या नावाने शोध सुरू झाला, तेव्हा ज्या माणसाने त्यांना अंगावर घोंगडे टाकून, हातात काठी देऊन मेंढरांमागे फिरवले, आणि विचारायला आलेल्यांना हा आमच्यातलाच म्हणून सांगितले, तो रायभान. दिनकररावांना मेंढरू हाकता येईना. त्यांची हाक ऐकून मेंढरे उलटी पळत. रायभानची आई म्हणे, "ह्या पोराला रझाकारानं न्हाई धरलं तर एखादा बोकडच धरंल." ते दिवस निभावले. दिनकरराव पुढे शिकले, नोकरीला लागले, पण भेटले की म्हणायचे, "रायभान, माझा जीव तुझ्या जबानीवर राहिला." या बोलण्याचे त्याला कौतुक नव्हते. जबानीवर जीव राहतो, हे त्याला मुळातच ठाऊक होते. मेंढवाड्यावर कोणी कागद करीत नाही.

खाणीपासून धरणाच्या भिंतीकडे जाणारा रस्ता मध्येच एका डोंगराला बिलगून जाई. एका अंगाला कापलेला कडा, दुसऱ्या अंगाला ओढ्याची खोल घळ, आणि दोन आंधळी वळणे. एका वेळी एकच गाडी मावे. ड्रायव्हर त्या तुकड्याला नळी म्हणत. आधी प्रत्येक गाडीवर क्लीनर असे. तो लाल फडके घेऊन गाडीपुढे धावे आणि समोरून कोणी येत नाही हे पाहून हात दाखवी. मग कंपनीने लष्कराच्या भंगारातून वायरलेसचे संच आणले. हिरवा पत्र्याचा डबा, दोरीसारख्या वायरला लटकलेला बोलायचा तुकडा, त्यावर एक खटका. खटका दाबला की आपण बोलायचे, सोडला की दुसऱ्याचे ऐकायचे. टेकडीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोठा संच बसला, आणि त्यापुढच्या खुर्चीवर दिनकरराव. नळीच्या तोंडाशी गाडी थांबवायची, दिनकररावांना विचारायचे. ते म्हणाले, "नळी मोकळी," की तोच शब्द मोठ्याने परत म्हणायचा, आणि मग गाडी घालायची. बाहेर पडल्यावर पुन्हा सांगायचे. नळीच्या आत डोंगराच्या आडोशाने डबा बहिरा आणि मुका होई. म्हणून जो काही शब्द, तो तोंडाशीच.

डबे आले आणि क्लीनर गेले. सात नंबरचा किशनराव, सगळ्यांत जुना ड्रायव्हर, कुरकुरला होता. "डब्याला डोळे हायत का? क्लीनर निदान पुढं बघतो तरी." त्याला उत्तर दिले ते रायभानने. "किशनराव, क्लीनर बघायचा ते एकट्याला दिसायचं. हितं एक शब्द निघाला की समद्या गाड्या ऐकत्यात. येवढे गवाह कोणत्या कोर्टात मिळतेत?"

हे तो मनापासून म्हणाला होता. सगळ्या डब्यांची वायरलेसची लहर एकच होती. एकाचे बोलणे सगळ्यांच्या कानांवर पडे. घरी नर्मदाबाईने, त्याच्या बायकोने, विचारले, "त्या डब्यात दिसभर काय बोलताव?" तो म्हणाला, "काय न्हाई, आलो, निघालो." ती म्हणाली, "मग येक डबा घरी आणा. घरात तर तेवढंबी बोलंनात."

सुरुवातीला लहरीवर थट्टामस्करी चाले. किशनराव खटका दाबून म्हणे, "चार नंबर, तुमच्या गाडीचा धूर बघून वाटलं धनगरानं शेकोटी केली." रायभान म्हणे, "शेकोटी न्हाई, किशनराव, तुमच्या बढाया जाळायलोय." अडत्याच्याच लॉरीवरून आलेला ड्रायव्हर बन्सीधर मधेच खोकून दाखवी. मग वरून हुकूम निघाला: नळी मागणे-सोडणे सोडून, आपल्या नंबराला विचारल्याशिवाय लहरीवर कोणी तोंड उघडायचे नाही, उघडले तर त्या दिवसाची हजेरी गेली. दिनकररावांनी तो वाचून दाखवला. त्या दिवसापासून सगळे ऐकू लागले, आणि बोलेनासे झाले. हा बदल लहान वाटला. तो लहान नव्हता.

फाल्गुनातल्या एका दुपारी चंद्रभान नावाचा ड्रायव्हर रिकामी गाडी घेऊन खालच्या तोंडाशी आला. दिनकररावांनी त्याला नळी दिली. तो शब्द रायभानने ऐकला नाही. तो खाणीत खाली उतरून दगड भरणाऱ्यांना फळी लावून देत होता. त्याच सुमारास टेकडीवर मोठ्या साहेबांचे पाहुणे आले, दिनकररावांना संच दाखवायला उठवले गेले, आणि चंद्रभान बाहेर पडला की नाही, हे त्यांच्या मनातून गेले. भरलेली गाडी घेऊन रायभान वरच्या तोंडाशी आला. त्याने विचारले. दिनकररावांचा आवाज आला, थोडा घाईचा, "चार नंबर, नळी मोकळी. या."

"चार नंबर. नळी मोकळी. निघालो," रायभान म्हणाला, आणि निघाला.

दुसऱ्या वळणावर चंद्रभानची गाडी समोर आली. भरलेल्या गाडीला उतारावर ब्रेक किती धरणार? रायभानने गाडी कड्याला घासली, पत्रा फाटला, दगड सांडले. तरी धक्का बसायचा तो बसला. चंद्रभानची गाडी घळीत गेली. रायभान खाली उतरून त्याच्यापर्यंत पोहोचला तेव्हा चंद्रभान जिवंत होता. वर आणेपर्यंत नव्हता.

पोलीस येऊन पंचनामा करून गेले. दोष कोणाचा, हे कंपनी ठरवणार होती.

चंद्रभानची बायको कमलबाई कंपनीच्याच झोपड्यांत राहत होती. दहावा झाल्यावर ती रायभानच्या दाराशी आली. आत आली नाही. नर्मदाबाईने घोंगडे टाकले, त्यावर बसली नाही.

"भाऊ, येकच विचारायला आले," ती म्हणाली. "लोक म्हणायलेत, तुमी न विचारताच गाडी घातली. खरं हाय का?"

रायभानच्या तोंडाशी पुष्कळ आले होते. पण नवरा गमावलेल्या बाईपुढे आपली बाजू मांडणे त्याला ओंगळ वाटले. तो म्हणाला, "वैनी, मी सांगून काय व्हतंय? माझं मी सांगनारच. त्या दिशी लहरीवर समदे व्हते. समद्यांनी ऐकलंय. चौकशीला या, आन् त्यांच्या तोंडून ऐका."

"येते," कमलबाई म्हणाली. "तुमी म्हणायलाव म्हणून येते."

ती गेल्यावर नर्मदाबाई म्हणाली, "सरळ सांगायचं व्हतं की." तो म्हणाला, "येकट्याचं सांगणं ते कैफियत व्हतंय. दहा जणांनी सांगितलं तर ते खरं व्हतंय." त्या बाईपुढे आपण खुनी ठरू नये, एवढेच आता त्याला हवे होते. नोकरीचा विचार त्याने केला नाही असे नव्हे. पण तो मागे पडला होता.

चौकशी पत्र्याच्या शेडमध्ये झाली. टेबलामागे मोठे साहेब, बाजूला दिनकरराव, भिंतीला लागून ड्रायव्हर. दाराच्या चौकटीशी कमलबाई पदर धरून उभी होती. आदल्या संध्याकाळी ड्रायव्हरांना एवढेच कळवले गेले होते की, कचेरीचा दोष निघाला तर सरकार नळी बंद करील, आणि पावसाळा सरेपर्यंत गाड्या उभ्या राहतील.

साहेबांनी किशनरावाला विचारले, चार नंबरला काय सांगितले गेले ते ऐकले काय?

किशनराव टोपी हातात घेऊन उभा होता. "खरखर लय व्हती, साहेब. शब्द कळला न्हाई."

बन्सीधर म्हणाला, "माझा डबा बंद व्हता."

तिसऱ्याची गाडी चालू नव्हती. चौथा लघवीला उतरला होता. आश्रुबा नावाच्या ड्रायव्हरने तर त्या दिवशी आपण कामावरच नव्हतो असे सांगितले. आणि घळीत चंद्रभानचे पाय धरून वर चढवणारा तोच होता. शेडमध्ये कोणी हसले नाही. साहेब बाहेरगावचे, त्यांना यातले काहीच विचित्र वाटले नाही.

रायभान एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिला. वाघरीचे जाळे लावलेल्या मेंढवाड्यातून एकेक मेंढरू निसटावे आणि धन्याला हाक सुचू नये, तसे त्याचे झाले.

शेवटी दिनकरराव उठले. "मी त्याला थांब म्हणालो होतो," ते म्हणाले. "दोनदा म्हणालो."

रायभान एक पाऊल पुढे आला. "दिनकरराव, माझ्याकडं बघून म्हणा."

त्याला वाटले होते, एवढे होणार नाही. दिनकररावांनी मान वळवली, त्याच्या डोळ्यांत पाहिले, आणि म्हणाले, "मी तुला थांब म्हणालो होतो, रायभान."

मग साहेबांनी रायभानला त्याचे म्हणणे विचारले. त्याने सांगितले, पण एवढ्या नकारांनंतर ते जसे ऐकू यायचे तसेच आले. दाराशी उभी असलेली कमलबाई ऐकून घेत होती. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरे झाले असते. आला तो एक प्रकारचा संकोच; आपण कशाला आलो, असा.

त्याला कामावरून काढले. गाडीतले सामान घेऊन किल्ली ठेवून जा, असे सांगितले. बाहेर किशनरावाने त्याला गाठले. इकडेतिकडे पाहून तो म्हणाला, "रायभान, गाड्या बंद व्हतील ह्याचं भ्या हायच. पण तेवढंच न्हाई, बाबा. मी दोन्ही शब्द ऐकले व्हते. चंद्रभान आत गेला तेबी ऐकलं, तुला मोकळी म्हणलं तेबी ऐकलं. खटक्यावर बोट व्हतं माझं. म्हणलं, दिनकररावांना ठावं असंल, आपन कामून मधी बोलावं? आता ऐकलं म्हणावं, तर ही बाई विचारंल, मग बोलला का न्हाईस?"

"आन् न्हाई म्हणल्यावर ती माझ्याकडं बघायलीय," रायभान म्हणाला.

"तुझी छाती मोठी हाय," किशनराव म्हणाला, आणि आपल्या गाडीकडे गेला.

हे वाक्य रायभानला त्या दिवशीच्या सगळ्या नकारांहून जड गेले. दिनकररावांनी त्याचा जीव काढून घेतला तो स्वतःचा वाचवायला. त्यात निदान जगण्याची भूक दिसत होती. किशनराव मात्र आपले ओझे त्याच्या पाठीवर ठेवून वर त्याची पाठ थोपटत होता. आणि तो वाईट माणूस नव्हता. त्यांच्यात कोणीच वाईट माणूस नव्हता.

चौकशीपुरत्या थांबलेल्या गाड्या पुन्हा चालू झाल्या. रायभान चार नंबरमध्ये चढला. शिदोरीचे फडके, पाण्याचा चंबू, बदली सदरा गोळा केला. खालून कमलबाई झोपड्यांकडे चालली होती. त्याने हाक मारली, "वैनी, येवढं येकडाव या. पायरीपाशी उभ्या ऱ्हावा. मग जा."

ती आली. तिची इच्छा नव्हती, पण आली.

त्याने डबा लावला, खटका दाबला. "चार नंबर बोलायलोय. मी आता गाडी सोडायलोय. चंद्रभानच्या घरच्या हितं पायरीपाशी उभ्या हायत. मला नळी मोकळी म्हणलं, ते ज्यानं ऐकलंय, त्यानं नुसतं व्हय म्हणा. नंबर सांगू नका. नाव सांगू नका. नुसतं व्हय."

त्याने खटका सोडला. डब्यात खरखर चालू राहिली. टेकडीवरूनही कोणी काही बोलले नाही.

मग खरखर क्षणभर तुटली, आणि 'टक्' असा आवाज आला. कोणीतरी खटका दाबला होता आणि न बोलता सोडला होता. थोड्या वेळाने दुसरा आला. मग तिसरा, चौथा. रस्त्यावर पसरलेल्या गाड्यांतून एकेक जण बोट दाबत होता आणि उचलत होता. रायभानला ते मोजायची गरज नव्हती. सगळे होते.

"हे काय वाजायलंय?" कमलबाईने विचारले.

"माणसं हायत, वैनी. ज्यांनी ऐकलं ती."

"मग बोलंनात का?"

रायभानने बोलायचा तुकडा खाली ठेवला. काय बोलणार? ही माणसे भितात असे म्हणावे, तर आताच त्यांनी आपणहून खटका दाबला होता. त्यांना आपली लाज आहे असे म्हणावे, तर ती लाज तिच्या कोणत्या कामाची? डब्यात पुन्हा एक टक् झाले. सावकाश, जणू दाबणाऱ्याने बराच विचार केला होता.

कमलबाईने मान तिरपी करून तेही ऐकले. आणखी काही येईल म्हणून ती थांबली. तिने खरोखर वाट पाहिली, हे रायभान पुढे नर्मदाबाईला अनेकदा सांगे; तिच्या बाजूने उणे काही नव्हते.

"माणसाला तोंड असतंय, भाऊ," ती शेवटी म्हणाली. "चुकचुक तर पालबी करती."

ती पायरीपासून बाजूला झाली, आणि तो खाली उतरेपर्यंत झोपड्यांच्या वाटेला लागली. त्याने तिला पुन्हा हाक मारली नाही.