वासरांची मावशी

दुग्धशाळेतली मावशी म्हणजे झुपकेदार मिशांचा एक धिप्पाड गृहस्थ. तिथे वासरू जन्मलं की त्याला लगेच आईपासून वेगळं करत. गाय जाई दूध काढायच्या शेडमध्ये आणि वासरू येई या बुवाच्या ओटीत. त्याचं अंग पुसणं, पहिला चीक पाजणं, हगवण लागली तर उशाशी बसून राहणं, सगळं हाच करी. म्हणून कोणीतरी त्याला मावशी म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मिशीला कितीही पीळ भरला तरी काही उपयोग झाला नाही. मॅनेजरसुद्धा विचारत, "काय मावशी, कसं चाललंय?"

त्याचा जीव मात्र दुधाच्या टँकरवर होता. लायसन्स कधीचंच काढून ठेवलेलं. त्यावरच्या फोटोत मिशी काळीभोर होती. जुना ड्रायव्हर निवृत्त झाला आणि एकदाची याची वर्णी लागली. बायकोने नवा शर्ट आणला.

"आता तरी तुमच्या अंगाला शेणाचा वास येणार नाही," ती म्हणाली. तो इतका खुशीत होता की हेही त्याने हसण्यावारी नेलं.

वासरांसाठी फाटकावरच्या वॉचमनला आत आणलं. हा त्याच्याहून आडवा, मिशी त्याच्याहून दाट. दूध किती कोमट हवं, बाटली किती तिरकी धरायची, जिभेवर बोट कसं ठेवायचं, मावशीने सगळं शिकवलं. पण तो टँकर घेऊन गेला त्याच सकाळी एक अशक्त कालवड जन्मली आणि ती तोंडच उघडेना. बाटली पुढे केली की मान फिरवी. शेवटी गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी नळीने चीक पोटात सोडला.

"आत्ताची वेळ भागली," त्या म्हणाल्या. "पण हिने स्वतः चोखायला हवं. नाहीतर ही काही जगायची नाही."

संध्याकाळी मावशी किल्ली बोटावर फिरवत आला, तर वॉचमन कालवडीसमोर मांडी घालून बसलेला. डोळे लाल.

"तू सांगितलंस तसंच केलं रे," तो म्हणाला. "माझ्या हातालाच यश नाही."

मॅनेजर डॉक्टरीणबाईंसोबत दारातच उभे होते. "मावशी, असं असेल तर तुम्हीच परत या. टँकरसाठी बघू दुसरा कोणी."

मावशीने बोटावरची किल्ली मुठीत आवळली. जन्मभर वाट पाहिलेलं सुख एका दिवसात हातचं चाललं होतं. पण कालवडीच्या बरगड्या दिसत होत्या, तिथे स्वतःचं रडगाणं काय गाणार? नव्या शर्टाच्या बाह्या वर सारून तो तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला आणि बाटली पुढे केली. ती थोडी अडखळली, मग चक्क चोखू लागली.

"थांब," वॉचमन म्हणाला. "तुझा तो हात काय करतोय?"

"कुठला?"

"डावा."

मावशीने वळून पाहिलं. डावा हात गोणपाटाच्या तुकड्याने कालवडीच्या शेपटीचं बूड चोळत होता, गाय पित्या वासराला मागून चाटते तसं. हे आपण कधीपासून करतो, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. मग शिकवणार काय, कपाळ?

वॉचमनने बाटली आणि गोणपाट आपल्याकडे घेतलं. कालवडीने एकदा त्याच्या मिशीकडे पाहिलं आणि बाटली रिकामी केली. डॉक्टरीणबाई हसल्या. मॅनेजर म्हणाले, "मग टँकर तुमचाच."

दुसऱ्या दिवशी तो टँकर बाहेर काढत होता, तेवढ्यात शेडमधून हाक आली, "मावशी, लवकर ये, गाय व्यायला लागलीय."

त्याने गाडी थांबवली, दार उघडलं, एक पाय जमिनीवर टेकवलासुद्धा. तेवढ्यात "आलो, आलो" करत वॉचमन त्याच्यासमोरून पळत गेला.

ते नाव जावं म्हणून इतकी वर्षं तो चडफडला होता. आता गेलं तर त्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पाय वर घेऊन त्याने दार लावलं, मग खिडकीतून मान बाहेर काढली.

"मावशी," त्याने वॉचमनला हाक मारली, "गोणपाट कोरडं घे."