काहिलीची दुसरी खेप

माझ्या आजोळच्या नदीवर आता पूल झालाय. गाडी क्षणात पलीकडं जाते आणि बायको दर वेळी म्हणते, "किती छान दिसतो हो इथनं डोंगर!" मी नुसतं हूं म्हणतो. मला त्या डोंगराचा राग आहे, नदीचा आहे, आणि सगळ्यात जास्त मामाचा आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये हे मलाही कळतं. पण येतो राग, त्याला मी काय करू?

पोलीस ॲक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. शहरात शहागंजाच्या मागच्या गल्लीत आम्ही भाड्यानं राहायचो. वडील कचेरीत कारकून, मी कॉलेजात. त्या पावसाळ्यात मायनं अंथरूण धरलं ते सोडलंच नाही. डॉक्टरांनी वडिलांना बाहेर बोलावून सांगितलं, कुणाला भेटवायचं असेल तर भेटवून घ्या. मायला हे कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती मला म्हणाली, "दादाला घेऊन ये रं. एकदा बघू दे मला." दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा मामा. आईबाप लवकर गेलेले, त्यामुळं त्यानंच तिला वाढवलं, लग्न लावून दिलं. रझाकारांच्या धामधुमीत तिचं माहेरी जाणं तुटलं. पुढं दिवस बरे आले तरी आज जाऊ, उद्या जाऊ करत ते राहूनच गेलं.

मी मोटारीनं निघालो. हर्सूलचं तळं मागं पडलं, मग खड्डे आणि चिखल. मोटार नदीच्या अलीकडंच थांबायची. गाव पलीकडं, डोंगराच्या अगदी पायाशी. उन्हाळ्यात ही नदी म्हणजे गुडघाभर पाणी, म्हशी बसायच्या त्यात. पावसाळ्यात मात्र ये-जा काहिलीतून. काहील म्हणजे गूळ करायची मोठी पसरट कढई. आत चार-पाच माणसं उकिडवी बसायची आणि दोन पोहणारे गडी दोन्हीकडनं धरून ती पलीकडं न्यायचे. गावाला त्यात काही विशेष वाटायचं नाही.

मामा गोठ्यात होता. मी सांगितलं तसा तो तिथंच शेणात बसला. जरा वेळानं उठून मामीला म्हणाला, "माझं धुतलेलं धोतर काढ." सकाळी न्हाव्याला घरी बोलावून त्यानं दाढी करून घेतली. "बाईनं मला असं जंगली बघाया नगं," म्हणाला. मायला तो बाईच म्हणायचा. मामीनं भाकरी बांधून दिल्या आणि आम्ही नदीवर आलो.

काहील काठाला लावलेली होती. आत एक म्हातारी आणि एक बांगड्यावाला बसला होता. मी बसलो. मामा काठावरच उभा.

"बस की मामा."

"तू हो पुढं. मी दुसऱ्या खेपंला येतो."

"जागा हाय की!"

"जागंचं न्हाई रं. मामा-भाचं एका नावंत बसत नसत्यात, नाव बुडती."

माझं डोकंच फिरलं. "ही काय नाव हाय का? गुळाची काहील हाय ही! तिकडं माय वाट बघायलीय."

"पाण्यावर चालती ती नाव," मामा म्हणाला. गड्यांनी माना डोलावल्या. म्हातारी तर म्हणाली, "बराबर हाय त्याचं." मी उठायला लागलो. म्हटलं, मग तू जा आधी, मी येतो मागनं. त्यानं माझ्या खांद्यावर हात दाबून मला खाली बसवलं. "लेकराला अलीकडं ठिवून मी पलीकडं जाऊ व्हय? तुझ्या मायला काय तोंड दावू?" आणि गड्यांना म्हणाला, "न्या."

आम्ही मध्यावर आलो आणि पाणी तांबडं झालं. गावात थेंब नव्हता, पण वर डोंगरात रात्रभर झोडपलं होतं. काटक्या, फेस, पालापाचोळा यायला लागला. गड्यांनी कशीबशी काहील काठाला लावली, ती सुद्धा पार खाली, बाभळीपाशी. म्हातारी देवाचं नाव घेत उतरली. गड्यांनी काहील ओढून वर पालथी घातली.

"आता माघारी न्हाई," एक जण म्हणाला. "डोंगराचं पाणी हाय, कवा उतरंल सांगता येत न्हाई." मी हातापाया पडलो. तो म्हणाला, "मालक, आमाला बी लेकरंबाळं हायती." बरोबरच होतं त्याचं.

पलीकडं मामा काठानं धावत आमच्या समोर आला होता. स्वच्छ धोतर, हातात भाकरीचं फडकं. तो ओरडत होता, पण पाण्याच्या आवाजात काही कळत नव्हतं. मोटारवाला हॉर्न देत होता. "चलते क्या नई मियाँ? ये पानी आज नई उतरता!" मामानं हात हलवून जा, जा केलं. मी मोटारीत बसलो.

घरी आलो तर मायची नजर माझ्यावर नव्हतीच, माझ्या मागं दाराकडं होती. मी सगळं सांगितलं, अगदी तावातावानं. मला वाटलं, ती चिडंल, भावाला चार शिव्या घालंल, मग माझंही मन हलकं होईल. तिनं एवढंच विचारलं, "त्यानं तुला आधी बसवलं?"

"व्हय."

"बरं केलं त्यानं. तुमी दोघं बी नीट हाव ना, बास." आणि तिनं तोंड भिंतीकडं केलं. दुसऱ्या दिवशी माय गेली.

पाणी उतरायला वेळ लागला. आम्ही राख सावडून घरी आलो तेव्हा मामा ओट्यावर बसलेला होता. शेजाऱ्यांनी त्याला सांगितलं होतं. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. मी जवळ गेलो तसा त्यानं विचारलं, "काय म्हणाली ती?"

"तू बरं केलंस म्हणाली."

मामानं कपाळावर हात मारून घेतला. "येडी! शिव्या तरी द्यायच्या मला." तो हमसून हमसून रडला. एवढा दांडगा माणूस, त्याला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मग त्यानं तोंड पुसलं आणि माझा दंड धरला.

"आन् तू रं? जल्मात कधी माझं एक आयकलं न्हाईस. त्याच दिशी कशापायी आयकलंस?"