पापणी ओढून बघणाऱ्या आक्का

नवी सून पाया पडली की बायका तोंडभरून आशीर्वाद देतात. आक्कांनी माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं, अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढली आणि माझ्या सासूबाईंना म्हणाल्या, "वैनी, सून शिकल्याली आणलीस, पण रगात न्हाय हिच्यात. पांढरीफटक हाय." नव्वद-एक्याण्णवचा काळ. मी बारामतीत डी.एड. करून वडगाव निंबाळकरात सून म्हणून आलेली मास्तरीण. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी दहा बायकांसमोर नापास झाले, ते मला चांगलंच झोंबलं. गावातली एकही बाई या परीक्षेतून सुटलेली नाही, हे नंतर कळलं.

आक्का मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. विशीत नवरा गेला आणि माहेरी परत आल्या. पुढे भावानं मेंढरं विकून दोन एकर जमीन केली, भाच्याला लोणी देवकरला कारखान्यात नोकरी लागली. आक्कांचं राबणं मात्र होतं तसंच राहिलं. गावची लेक म्हणून त्या सगळ्यांच्याच आक्का, आणि माझ्या सासूबाईंसारख्या गावच्या सुनांच्या वन्सं. गावात कुठल्याही घरातली बाई गेली की पहिला निरोप त्यांना जायचा. चार बायका चारी बाजूंनी लुगडं धरून अंगणात आडोसा करायच्या आणि आत आक्का त्या बाईला शेवटची आंघोळ घालायच्या. पाणी हाताला सोसेल इतकं कोमटच लागायचं. एकदा कुणीतरी म्हणालं, आता तिला काय कळतंय? आक्का म्हणाल्या, "तिला न्हाय कळत, मला कळतंय न्हवं."

त्यांचा एक नियम होता. "आडोशामागचं आडोशामागंच ऱ्हायला पायजे." आत काय दिसलं ते त्या कधीच बोलत नसत. बाहेर पुरुषांनी कावीळ म्हटलं की कावीळ, ताप म्हटलं की ताप. पण एका दुपारी आमच्या ओसरीवर शेंगा फोडता फोडता, बहुतेक फार थकल्या होत्या म्हणून, त्यांची जीभ सैल झाली. "तुमच्या बागायती घरातल्या बाया गाठी झाकून जात्यात. दवाखाना दारात, पर दाखवायची लाज. आमच्याकडच्या रगात सरून जात्यात. आन् कारखान्यावर ऊस तोडाया येत्यात त्या पोरी, त्या बाळंतपणात. वाटा येगयेगळ्या हायत, मास्तरीण. पर जितेपणी बगितल्याली कुणीच न्हाय. मीच पयली बगनारी, आन् मी येती सगळं झाल्याव."

मी त्यांच्यापुढची पाटी माझ्याकडे ओढली आणि उरलेल्या शेंगा फोडल्या.

शेजारच्या सरूकाकू गेल्या तेव्हा आडोशाचं एक टोक माझ्या हातात होतं. आक्कांनी चोळी काढली आणि त्यांचा हात थांबला. छातीवर हळद-चुन्याचा लेप, त्यावर कापड, आणि कापडाखाली जे होतं त्याचा वास मला अजून आठवतो. नवऱ्याला पत्ता नव्हता. तो बाहेर काविळीचं औषध कुठून कुठून आणलं ते सांगून रडत होता. आक्कांनी ती जखम लेकराचं अंग धुवावं तशी धुतली, नवं लुगडं नेसवलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "उचला." त्या दिवशी त्या आमच्याकडे चहालाही थांबल्या नाहीत.

त्यानंतर महिन्याभरातच त्यांची नजर माझ्या सासूबाईंवर गेली. सासूबाई डावा हात अंगाशी धरून चालायच्या. विचारलं तर म्हणायच्या, कळशी उचलताना लचक भरली. त्यांच्या चोळ्या मीच धूत होते. त्यांवरचे पिवळे डाग मला दिसत होते, आणि लचकेवर हळद लावली असेल म्हणून मी ते साबण लावून काढत होते. आडोशामागं सगळं डोळ्यांनी पाहिलेली मी! शिकून असा काय उजेड पाडला, असं आजही स्वतःला विचारते.

आक्का भरदिवसा आल्या. ओसरीवर मामंजी चार लोकांत बसले होते. त्यांच्यासमोरच म्हणाल्या, "आबा, वैनीला बारामतीला न्ह्या. तिच्या छातीत गाठ हाय." पुरुषांच्या बैठकीत असा शब्द कुणी उच्चारला नव्हता. मामंजी ताडकन उठले. "मढी धुनारी बाई जित्या मानसाच्या दारात काय बोलती? चालती हो हितनं!" आत सासूबाई लाजेनं अर्धमेल्या झाल्या होत्या. "न्हाय वो, माझ्याकडं काय बी न्हाय," एवढंच म्हणत राहिल्या.

आक्का गेल्या. दुसऱ्या दिवशी मामंजी मळ्यात गेल्यावर मागच्या दारानं परत आल्या. हातात त्यांचंच एक जुनं लुगडं. "मास्तरीण, हे धर." मी आणि माझी जाऊ मोरीपाशी लुगडं धरून उभ्या राहिलो. आक्का सासूबाईंना म्हणाल्या, "वैनी, आज ना उद्या माझ्याच हातनं न्हानार हायस. मग आजच न्हाऊ दे की. आज तू मला काय तरी बोलशील तरी." सासूबाई आधी चिडल्या, मग रडल्या, मग पाटावर बसल्या. तीस वर्षांच्या संसारात त्यांना कुणी असं न्हाऊ घातलं नसावं. पाणी कोमटच होतं. आतून तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला. मग सासूबाईंचा आवाज आला, "वन्सं, लय दुखतंय वो."

त्याच आठवड्यात बारामती, तिथून पुणे, ऑपरेशन. सासूबाई वाचल्या. डावा हात सुजला तो तसाच राहिला, कामाला आला नाही. मामंजी आक्कांना कधी चांगलं बोलले नाहीत. त्या वाटेत दिसल्या की बाजूला बघायचे. गावानंही आक्कांना तसंच वागवलं. त्या दिसल्या की बायका दार लोटून घ्यायच्या, कारण आता त्या आडोशामागचं सांगत सुटल्या होत्या. मोजक्या दोघीतिघी डॉक्टरांकडे गेल्या. बाकीच्यांना पुढे आक्कांनीच न्हाऊ घातलं. "सांगून सांगून जीभ झिजली गं," म्हणायच्या. तरी समोर बाई आली की अंगठा पापणीकडे जायचाच.

आठ-नऊ वर्षांनी एका सकाळी आक्का गोठ्यात शेणाची पाटी उचलताना पडल्या, त्या उठल्या नाहीत. निरोप आला तसा सासूबाईंनी पदर खोचला. "वन्संना मी न्हाऊ घालनार." एका हातानं कसं जमणार, असं बायका म्हणाल्या, त्यांनी ऐकलं नाही. लुगड्याचं टोक पुन्हा माझ्याकडे होतं. सासूबाईंनी पाण्यात बोट घालून पाहिलं. मग उजव्या हाताच्या अंगठ्यानं आक्कांची पापणी ओढली आणि मला म्हणाल्या, "बग."

आत सगळं कागदासारखं पांढरं होतं. इतक्या वर्षांत ती पापणी आम्ही कुणीच ओढून पाहिली नव्हती. मीही नाही.

बाहेर ग्रामसेवक कागद घेऊन बसले होते. भाचा म्हणाला, "वय झालं होतं." ग्रामसेवकांनी 'वृद्धापकाळ' लिहिलं. तेवढ्यात ओल्या लुगड्यानिशी सासूबाई आडोशाबाहेर आल्या, भर पुरुषांत. "भाऊसाहेब, ते खोडा. वन्सं माझ्याच वयाच्या हायत. मी काय म्हातारी हाय व्हय? अंगात रगात न्हवतं तिच्या. रगात सरून गेली, असं लिवा."

ग्रामसेवकांनी मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

"ती म्हनती तसंच लिवा," ते म्हणाले.