हेमराजशेठची नक्कल

जामसरच्या वरच्या पाड्यावरची चैती कुणाचीही नक्कल करायची. लहानपणी शेळ्या राखताना ती दुसऱ्यांच्या आयांच्या आवाजात हाका मारायची आणि पोरं खेळ टाकून घराकडं पळायची. लग्न होऊन फागूच्या घरी आली, तर सासूची नक्कल सासूसमोरच केली. सासू आधी फुगून बसली, मग तीच शेजारणींना बोलावून ती करून दाखवायला लावू लागली.

पाड्याचं रेशन हेमराजशेठच्या दुकानात. दगडामातीच्या कामानं बायांचे अंगठे झिजलेले, मशीनवर ठसा लागायचा नाही. हेमराज एकदा अंगठा टेकवून बघायचा आणि मान वर न करता म्हणायचा, "नाय लागत. पुढल्या आठवड्यात ये." बाया रिकाम्या पिशव्या घेऊन चढ चढायच्या. चैतीनं त्याचं ते सगळं उचललं. चष्मा कपाळावर सरकवणं, मशीनवर बोट आपटणं, नाकातला आवाज.

हेमराजच्या कानावर गेलं. तो रागावला नाही, उलट खूश झाला. नक्कल मोठ्या माणसाचीच होते, असं त्यानं दुकानात बसलेल्यांना सांगितलं आणि मुलाच्या हळदीला चैतीला बोलावणं धाडलं. फागू नको म्हणत होता. चैती गेली.

मांडवात तिनं आधी शेठचं चालणं केलं, फोनवरचं बोलणं केलं. पाहुणे हसले, शेठ तर पोट धरून हसला. मग तिनं सोबत आणलेल्या पाड्यावरच्या म्हाताऱ्या तानीला हाताला धरून पुढं आणलं, तिचा अंगठा आपल्या तळव्यावर टेकवला न टेकवला आणि म्हणाली, "नाय लागत. पुढल्या आठवड्यात ये." तानी वळली. चैतीनं तिला परत बोलावलं, परत तेच. मग परत. मांडवातलं हसू कमी होत गेलं. शेठच्या मेहुण्यानं विचारलं, म्हातारीला धान्य मिळतं तरी कधी?

हेमराज म्हणाला, "पुरे आता. जेवून घे."

"तुमीच बोलावलंत ना शेठ? मोठ्या माणसाची नक्कल अर्धी कशी सोडू?"

ती न जेवताच निघाली.

चार दिवसांनी हेमराजनं फागूला गाठून सांगितलं, बायकोला माफी मागायला लाव, नाहीतर कार्डावरचं नाव जाईल. फागू घाबरून घरी आला. चैती भाकर थापत होती. मी त्याला शिवी दिली नाही, ती म्हणाली, त्याचं बोलणं त्यालाच ऐकवलं. माफी मागायची तर त्यानं तानीची मागावी.

रेशनच्या दिवशी ती रांगेत तानीच्या मागंच उभी राहिली. शेठनं तानीचा अंगठा टेकवला. मशीननं घेतला नाही. त्यानं तोंड उघडायच्या आत अख्खी रांग नाकातून बोलली, "नाय लागत. पुढल्या आठवड्यात ये." हसलं कुणीच नाही.

हेमराज रांगेकडं बघत राहिला. मग त्यानं फडकं भिजवून तानीचा अंगठा पुसला. तो लागला नाही, तेव्हा दुसरं बोट घेतलं, मग आणखी एक. त्याचा ठसा लागला आणि तानीच्या पिशवीत तांदूळ पडला.

चैतीनं पुढं होऊन दोन्ही हात टेबलावर पसरले.

"सावकाश बघ शेठ," ती म्हणाली. "आज आमाला घाई नाय."