कोरेबाईंचे चार खिसे

कोरेबाईंना कुणाला पैसे द्यायचे झाले की आधी आडोसा लागायचा. जळकोटच्या बाजारात मेथीची जुडी घेतली, तरी त्या भाजीवालीला "थांब गं, आले," म्हणून शेजारच्या दुकानामागं जायच्या. परत येताना हातात नेमकी तेवढीच नोट असायची. बाजाराला याची सवय झाली होती. एखादी नवी विक्रेती विचारायची, "बाई कुठं गेल्या?" तेव्हा जुनी तिला सांगायची, "बँकेत."

आता बाई नाहीत. मी आणि नसरीन त्यांच्याबरोबर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होतो. वर्गात बाई पुस्तकातलं मराठी बोलायच्या आणि उंबरा ओलांडला की घरचं. नोकरीला लागल्यावर पहिला पगार घेऊन त्या तुळजापूरला निघाल्या होत्या. एसटीच्या गर्दीत कुणीतरी पर्स कापली. देवीच्या ओटीलाही पैसे उरले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी पर्स वापरली नाही आणि सगळे पैसे एका जागी कधी ठेवले नाहीत.

निवृत्तीच्या वर्षी त्यांनीच विषय काढला. "आपण तिघी थायलंडला जाऊ. दिवाळीच्या सुट्टीत." एकट्या राहणाऱ्या, सोलापूरलाही कामाशिवाय न जाणाऱ्या बाईंना थायलंड कुठून सुचलं, ते आम्हाला कळलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, "काम हाय."

सोलापुरातून आम्ही तिथलं चलन घेतलं. नसरीननं आणि मी परदेशात चालणारं कार्डही काढलं. बाईंनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं. "असू दे. पर तेवढ्यावर बसू नका." मग शाळेतल्या रिकाम्या तासाला त्यांनी आमचा तास घेतला. "भायेरच्या पाकिटात तेवढंच ठिवायचं, जेवढं गेलं तर रडू येणार न्हाय. पैसे मोजायचे ते खोलीत, दार लावून. रस्त्यावर आपण मोजाया लागलो की समदे मोजतात."

त्यांचे स्वतःचे चार खिसे होते. पहिला कमरेचा बटवा, दिवसाच्या खर्चाचा. दुसरा पोलक्याच्या आत शिवलेला. तिसरा लोणच्याच्या डब्यात, तळाशी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. चौथा परकराच्या खालच्या दुमडीत टाके घालून शिवलेला. चौथ्याबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "त्याला हात लावायचा न्हाय."

हैदराबादच्या विमानतळावर तपासणीत डबा अडकला. लोणच्यात तेल होतं आणि हातातल्या सामानात तेल चालत नाही, असं तिथल्या माणसानं सांगितलं. त्यानं डबा बाजूच्या पिंपात टाकला. बाई शांतपणे पुढे चालू लागल्या. विमान उडाल्यावर नसरीननं विचारलं, "बाई, डब्यात पैसे होते ना?"

"व्हते."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर रांगेतल्या समद्यांना कळलं असतं की बाई पैसे लपवून हिंडती. मग बाकीचे तीन गेले असते." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "लोणचं मात्र चांगलं मुरलं व्हतं."

बँकॉकला दुसऱ्याच दिवशी बाजारात माझी पर्स गेली. खांद्यावर पट्टा होता, पट्ट्याला पर्स नव्हती. रोख आणि कार्ड दोन्ही तिच्यातच. फोन करून कार्ड बंद केलं आणि फुटपाथवर बसून रडले. बाई ओरडल्या नाहीत. "थांब, आले," म्हणून एका कापडाच्या दुकानामागं गेल्या आणि परत येऊन माझ्या हातात नोटा ठेवल्या. "ह्या तुझ्या. अर्ध्या इकडं ठिव, अर्ध्या तिकडं." इकडं आणि तिकडं म्हणजे कुठं, ते त्यांनी बोटानं दाखवलं. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघत होती.

पट्टायाला पोचलो आणि सकाळी नसरीनला उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत ती उभी राहू शकत नव्हती. डोळे आत गेले, ओठ पांढरे पडले. हॉटेलवाल्यानं गाडी करून दिली. दवाखाना चकचकीत होता. काउंटरवरच्या मुलीनं हसून सांगितलं की दाखल करायचं तर आधी अनामत रक्कम भरा. प्रवासाचा विमा होता, पण विमा कंपनीचं उत्तर येईपर्यंत त्यांना पैसे हवे होते. नसरीनचं कार्ड मशीननं घेतलं नाही. ते चालू करायला लागणारा ओटीपी तिच्या भारतातल्या नंबरवर येणार होता आणि तो नंबर इथं चालत नव्हता. माझं कार्ड बंद. नसरीन बाकावर आडवी होती. मी त्या मुलीला हात जोडले. तिनंही मला हात जोडले. तिकडं तो नमस्कार असतो.

माझ्या आणि नसरीनच्या जवळची रोख मी पुढे केली, बाईंनी बटवा आणि पोलक्यातला खिसा दोन्ही रिकामे केले. पुरले नाहीत. मग बाई एका नर्सकडे गेल्या आणि दोन बोटांनी कात्री करून दाखवली. नर्स दोन पावलं मागं सरली. तिनं पहारेकऱ्याला हाक मारली. बाईंनी साडी घोट्याच्या वर उचलली, परकराची दुमड पुढे केली आणि म्हणाल्या, "अगं बाई, तुला न्हाय कापायचं. ह्याला कापायचंय."

शेवटी पहारेकऱ्यानंच टाके कापले. दवाखान्याच्या मधोमध कोरेबाई आडोशाशिवाय उभ्या होत्या आणि त्यांच्या परकरातून नोटा निघत होत्या. तिथल्या मुलीनं त्या गंभीर चेहऱ्यानं घेतल्या आणि पावती दिली. नसरीनला सलाईन लागलं. ओठांना रंग आल्यावर बाई खाली बसल्या.

"बाई, ते पैसे कशाचे होते?" मी विचारलं.

त्या जरा लाजल्या. "समुद्रावर बोटीला छत्री बांधून माणसाला आभाळात उडवत्यात. सहावीच्या पोरांनी फोनवर दाखवलं व्हतं. मला उडायचं व्हतं." मग पदरानं तोंड पुसलं. "ऱ्हाऊ दे. पोरगी वाचली."

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचं उत्तर आलं. दवाखान्यानं नसरीनला सोडलं आणि अनामत रोख परत केली. परतीच्या आधी आमच्याकडे एक दुपार उरली होती. दुमड उसवलेली, शिवायला सुई नाही. सगळे पैसे, तिघींचे पासपोर्ट, सगळं बाईंनी एका कापडी पिशवीत घातलं आणि आम्ही किनाऱ्यावर गेलो. नसरीनला खुर्चीत बसवलं.

बोटवाल्यानं बाईंना पट्टे बांधले. साडीचा काष्टा मारलेला, पायात शाळेतली चप्पल. त्यानं चप्पल काढायला लावली आणि पिशवीकडे बोट दाखवून मान हलवली. बाईंनी इकडंतिकडं पाहिलं. आडोसा नव्हता, नुसता समुद्र होता. खुर्चीत नसरीनचा डोळा लागला होता. मग बाईंनी माझ्याकडे, दोन दिवसांत पर्स घालवलेल्या माणसाकडे, पाहिलं आणि पिशवी दिली.

"समदं हाय ह्यात," म्हणाल्या.

बोट सुरू झाली. मी वाळूत बसले, पिशवी पोटाशी घेतली, तिचा बंद मनगटाला गुंडाळला. एक माणूस मोत्यांच्या माळा विकत आला, मी त्याच्यावर नजर ठेवली. दोन पोरं चेंडू आणायला जवळ आली, मी पिशवीवर ओणवी झाले. माझ्या मागं नसरीन जागी होऊन टाळ्या वाजवत ओरडत होती, "बाई! बाई!"

बाई उतरल्या तेव्हा केस उडालेले, डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर असं हसू की मी त्यांना क्षणभर ओळखलं नाही. धापा टाकत त्या माझ्याजवळ आल्या.

"बघितलंस का गं मला? केवढी वर गेले व्हते!"

"नाही बाई," मी म्हणाले. "पैसे धरून बसले होते."

 बाई हळूच शेजारी वाळूत बसल्या.

"माझं बी इतकी वर्सं हेच झालं की गं," त्या म्हणाल्या, आणि पिशवी माझ्याकडेच राहू दिली.