टाचेतला व्हॉल्व्ह

चेहऱ्याऐवजी पायांवरून माणूस ओळखणारा माणूस पनवेल तालुक्यात एकच होता. ते आईच्या माहेरचे शेजारी, म्हणून माझे मामा. भेटल्याबरोबर त्यांची नजर माझ्या चपलेवर. "डावी टाच झिजली. घाईत असतोस, बाला." स्वतःला मात्र दोन मिनिटं बसणं ठाऊक नव्हतं. चहा उभ्याने, जेवण पडवीत फेऱ्या मारत. एकदा मयताला गेले आणि दाराशी काढलेल्या चपलाच उलटसुलट करून बघत राहिले.

सगळा जन्म मिठागरात गेलेला, चपला-बूट शिवणं हा नाद. चिखलात चप्पल रुतते आणि पाय तेवढा वर येतो, यावर त्यांचा जुना राग. शेवटी त्यांनी चपलेच्या टाचेत सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला. पाय उचलला की तळाखाली हवा शिरायची आणि चप्पल फुस्स करून सुटायची. आवाज ऐकून मामी म्हणायची, "आलं इंजिन."

मी घरातला पहिला पदवीधर, पेटंटच्या कचेरीत नोकरीला. नोकरीच्या मुलाखतीचे बूट मामांनीच शिवून दिले होते, तेही दिवसभर एका जागी बसून. त्यामुळे "अशी चप्पल जगात आदी कुनी केली हाय का, बघ" म्हणाले तेव्हा नाही म्हणवेना. तीन महिन्यांचे रविवार मी जपान-अमेरिकेचे बूट धुंडाळले. सकाळ-संध्याकाळ त्यांचा फोन. "गावली का रं दुसरी?"

"नाही, मामा."

"नीट बघ."

कुठेच नव्हती. पेटंटच्या अर्जावर सही घ्यायला मी गावी गेलो. भातलावणीचे दिवस. बांधावरून माणसं परतत होती आणि चहूकडून फुस्स, फुस्स.

"मामा, किती जणांना दिल्यात?"

"गावाला वाटल्या ना. हंगामाचं पयलं मीठ वाटतो तशा. दोन पावसाले झाले."

अर्जाआधी वस्तू लोकांच्या वापरात आली की कायद्याने ती नवी राहत नाही, पेटंट मिळत नाही, हे मी अडखळत सांगितलं.

"म्हंजे आदी कुनी केली?"

"तुम्हीच."

मामा पायरीवर बसले. मी त्यांना बसलेलं दुसऱ्यांदा पाहत होतो. म्हणाले, "मंग बरं. दुसऱ्याची नाय ना." आणि माझी टाच बघायला वाकले.

आता मामा नाहीत. मिठागरांवर भराव पडला. त्यांनी दिलेला त्या चपलांचा जोड मी घरात घालतो. फरशीवर तो मुकाच राहतो.