उत्तरेच्या बाई

बाईंसमोर कोणी कोणाला ‘घरच्यासारखं’ म्हटलं, की त्या हातातला चहा खाली ठेवत. मग समजायचं, आता आपलं काही खरं नाही.

कॉलेजात त्या आम्हाला अमेरिकेचा इतिहास शिकवत. गुलामगिरी म्हटलं की आम्ही दक्षिणेतले कापसाचे मळे लिहून मोकळे. मी तर पेपरात ठासून लिहिलं होतं, उत्तरेकडच्या वसाहतींत थंडी फार, सबब गुलाम नव्हते. बाईंनी ते भर वर्गात वाचून दाखवलं. ‘‘बोस्टनात थंडी होती ना? मग मालकाची शेकोटी कोण पेटवे गा? तुम्ही कापसाच्या मुलखातले लोक. कापूस दिसला नाही, की तुम्हाले गुलामच दिसत नाही.’’ तेव्हापासून त्या ‘उत्तरेच्या बाई’.

तिथले गुलाम बहुतेक मालकाच्याच छपराखाली राहत, स्वयंपाकघरात नाहीतर माळ्यावर झोपत. मालक त्यांना घरातलेच म्हणत आणि वेळ आली की विकत. ‘‘घरच्याले कोणी विकते?’’ बाई विचारत. त्यांच्या आईनं धरमपेठेतल्या एका बंगल्यात जन्मभर धुणीभांडी केली. तीही तिथं घरच्यासारखीच होती. कप तेवढा मोरीपाशी वेगळा.

पुढे मी तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक झालो, म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की उपास. एका कॉलेजात कायम जागा निघाली. मुलाखतीत हाच पाठ घेतला. संस्थेचे अध्यक्ष खुशीत म्हणाले, ‘‘थोडक्यात, उत्तरेत त्यांना घरच्यासारखं वागवत.’’ नुसती मान हलवायची होती. मी विचारलं, ‘‘सर, तुमच्या कामवाल्या बाईंचा कप कुठे असतो?’’

पुढच्या उमेदवाराला लगेच आत बोलावलं.

शाबासकीच्या आशेनं मी तडक नंदनवन वस्तीत, बाईंच्या घरी. ‘‘काहून बोलला?’’ त्या खरंच चिडल्या. ‘‘बायको-पोराले काय खाऊ घालशील आता?’’ मग खुर्ची ओढून समोर बसल्या. ‘‘उभा राह्य. तो पाठ मले दे.’’

कुकरच्या शिट्ट्यांत मी पुन्हा बोस्टन गाठलं. त्यांनी दोन चुका काढल्या. मग म्हणाल्या, ‘‘विहारातला पोरांचा रविवारचा वर्ग आता माझ्यानं होत नाही. पुढच्या रविवारपासून तू. पगार नाही. पण जागा कायम.’’

त्या उन्हाळ्यात बाई गेल्या. वर्ग चालू आहे. एकदाही रजा घेतलेली नाही. मंजूर करणारं कोणी उरलं नाही.